इंग्रजी विशेषण-जोड्या आणि त्यांची क्रियापदं: वाक्यपत्त्यांच्या संचाच्या नोंदी

काम असं: मराठी माध्यमाच्या नववी ते बारावीच्या वर्गांसाठी इंग्रजी वाक्यांचे पत्ते बनवायचे. प्रत्येक वाक्यात 'अँड'नं जोडलेली दोन विशेषणं, आणि ती जोडी क्रियापदाशी कशी लागते ते ओळखायचं. पत्त्यांवर वाक्यं रोमन लिपीतच छापायची आहेत. या नोंदींत ती देवनागरीत लिहिली आहेत. असाच संच कुणाला करायचा असेल तर पहिल्या दोन-तीन नोंदी नीट वाचाव्यात, सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचेल.

४ जून

जुनी यादी तपासली. तिच्यात जोड्या इंग्रजी वर्णक्रमानं लावलेल्या आणि शेजारी मराठी अर्थ: 'सेफ अँड साउंड' म्हणजे सुखरूप, 'हेल अँड हार्टी' म्हणजे ठणठणीत, 'ब्लॅक अँड ब्लू' म्हणजे काळंनिळं, 'थिक अँड फास्ट' म्हणजे एकामागून एक, भराभर. अर्थ मुलांना पाठ होते. तरी वह्यांत आलेली वाक्यं अशी: 'ही इज अ सेफ अँड साउंड बॉय', 'द टीचर टॉट अस थिक अँड फास्ट', 'माय अंकल इज हाय अँड ड्राय'.

अर्थ बरोबर, वाक्य चूक. यादीनं जोडी दिली, पण ती कोणत्या क्रियापदामागे उभी राहते ते सांगितलंच नाही. 'सेफ अँड साउंड' पोचणं, परतणं, सापडणं अशा क्रियापदांमागे येते: 'दे रीच्ड होम सेफ अँड साउंड'. 'हाय अँड ड्राय' म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं, तिच्या आधी बहुतेक वेळा 'लेफ्ट' असतं: 'द बस लेफ्ट, अँड वी वेअर लेफ्ट हाय अँड ड्राय'. 'थिक अँड फास्ट'ला 'कम' लागतं, आणि येणाऱ्या गोष्टी अनेक लागतात: प्रश्न, तक्रारी, गोल. 'ब्लॅक अँड ब्लू'ला 'बीट', 'लाउड अँड क्लिअर'ला 'हिअर', 'शॉर्ट अँड स्वीट'ला 'कीप इट', 'ब्राइट अँड अर्ली'ला 'गेट अप' किंवा 'स्टार्ट'.

यादी मोडली. आता वर्गवारी क्रियापदावरून. बाजारातल्या बऱ्याच व्याकरण-पुस्तकांत 'शब्दांच्या जोड्या' असं एक पान असतं. ते पाठ करून घेण्यात वर्गाचा वेळ घालवू नये, असं या तपासणीनंतर ठाम मत झालं आहे.

७ जून

तक्त्याचे रकाने ठरले: वाक्य, क्रियापद, जोडी, जोडी कोणाची (कर्त्याची की कर्माची), जोडीची जागा, जोडी उलटता येते का, लागू पडलेली चाचणी, मराठी वाक्य. 'अर्थ' नावाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही, पूर्ण मराठी वाक्यच हवं.

तांत्रिक सूचना एकच. तक्ता सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे ठेवणारी साधी फाइल) साठवताना आणि उघडताना यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत निवडा. नाहीतर देवनागरी रकान्यात चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल बिघडली असं वाटतं.

११ जून

वाक्यं जमवण्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरचा स्वामित्वहक्कमुक्त मजकूर घेतला आणि पदजाती ओळखणारा टॅगर चालवला. शोधाचा साचा सोपा: जेजे, सीसी, जेजे, म्हणजे विशेषण, उभयान्वयी, विशेषण.

हाती खूप आलं, कामाचं कमी. तीन अडचणी.

एक, नामाआधीच्या जोड्याही सगळ्या येतात. त्या इथे नको आहेत. दुसऱ्या विशेषणानंतर लगेच नाम असेल तर वाक्य गाळा, ढीग बराच उतरतो.

दोन, 'टायर्ड', 'क्लोज्ड', 'ब्रोकन' असे शब्द टॅगर कधी विशेषण धरतो, कधी कृदंत (व्हीबीएन), कधी भूतकाळी क्रियापद (व्हीबीडी). त्यामुळे चांगली वाक्यं निसटतात. साच्यात दोन्ही जागी व्हीबीएन आणि व्हीबीडीही घ्यावे लागले, आणि मग निवडणी हातानंच करावी लागली. या निवडणीत सगळ्यात जास्त वेळ गेला.

तीन, जुन्या कादंबऱ्यांत 'ही स्पोक लो अँड क्लिअर' अशा रचना भरपूर आहेत. त्या शुद्ध आहेत, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मुलानं तसं लिहिलं तर तपासणारा 'क्लिअरली' करून ठेवतो. संचात घेतल्या नाहीत.

'बट'च्या जोड्या साच्यात घ्यायच्या राहू नयेत. 'दे केम होम टायर्ड बट हॅपी' हे वाक्य रचनेच्या दृष्टीनं 'टायर्ड अँड हंग्री'सारखंच वागतं.

१५ जून

पहिला गट: ज्या क्रियापदांना जोडी हवीच. बी, सीम, बिकम, लुक, फील, साउंड, टेस्ट, स्मेल, ग्रो, गेट, टर्न, स्टे, रिमेन. इथे जोडी विधानपूरक आहे, म्हणजे तिच्याशिवाय कर्त्याबद्दलचं विधान पुरं होत नाही.

चाचणी: जोडी झाकायची आणि उरलेलं वाचायचं. 'द हाउस सीम्ड ओल्ड अँड एम्प्टी' यातली जोडी झाकली की उरतं 'द हाउस सीम्ड'. लटकतं, म्हणून पहिला गट. 'ही केम होम टायर्ड अँड हंग्री' यातून उरतं 'ही केम होम'. उभं राहतं, म्हणून दुसरा गट. 'स्टँड' आणि 'लाय' मधे अडकतात: 'द हाउस स्टुड एम्प्टी अँड सायलेंट' यातलं 'द हाउस स्टुड' अगदी चूक नाही, पण अपुरं आहे. ही क्रियापदं पहिल्या गटातच ठेवली आणि पत्त्याच्या कोपऱ्यात खूण केली. वर्गात यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

या गटातली नेहमीची चूक म्हणजे 'शी लुक्स ब्यूटिफुली'. कारण मराठीत सापडतं. 'छान दिसते' आणि 'छान गाते' या दोन्ही ठिकाणी 'छान'चं रूप तेच. इंग्रजीत 'लुक्स नाइस', पण 'सिंग्ज नाइसली'. जोडी असली की चूक अर्धीच होते: 'शी लुक्ड काम अँड हॅपिली'. म्हणून पत्ते जोडीजोडीनं केले: 'शी लुक्ड काम अँड हॅपी' आणि 'शी लुक्ड कामली अँड हॅपिली अ‍ॅट द चिल्ड्रन'. पहिल्यात ती दिसते, दुसऱ्यात ती बघते. क्रियापद तेच, काम वेगळं. हे दोन पत्ते शेजारी ठेवले की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

त्याच दिवशी स्वल्पविरामाचा प्रश्न मिटवला. नामाआधी 'अ लाँग, डार्क रोड' चालतं. क्रियापदामागे 'द रोड वॉज लाँग, डार्क' चालत नाही, 'अँड' लागतंच.

१९ जून

दुसरा गट. क्रियापद स्वतः पूर्ण आहे, जोडी त्या क्षणाची अवस्था सांगते. आता खरा प्रश्न: अवस्था कोणाची?

'द बॉइज केम होम टायर्ड अँड हंग्री': कर्त्याची.
'वी एट द फिश रॉ अँड अनसॉल्टेड': कर्माची.
'द मदर मेट द बॉइज टायर्ड अँड हंग्री': सांगता येत नाही.

इंग्रजी विशेषणाला लिंग-वचनाचं रूप नाही, म्हणून तिसरं वाक्य अडतं. मराठी विशेषणाला आहे. त्यातूनच चाचणी मिळाली: कर्ता एका लिंगाचा आणि कर्म दुसऱ्या लिंगाचं घेऊन वाक्य मराठीत करायचं आणि विशेषणाचा शेवट पाहायचा. 'ही फोल्डेड द सारी वेट अँड क्रंपल्ड' याचं मराठी 'त्यानं साडी ओली आणि चुरगळलेली असतानाच घडी केली'. 'ओली' म्हटलं की साडीची. तो स्वतः ओला असेल तर मराठीत 'ओल्या अंगानं' म्हणावं लागतं.

चाचणी दोन ठिकाणी फसते, ते पत्त्याच्या मागे छापलं आहे.

पहिलं, रूप न बदलणारी विशेषणं. गरीब, हुशार, दुःखी, गरम, कुरकुरीत यांवरून काहीच कळत नाही. चाचणीसाठी ओला, कोरडा, रिकामा, थकलेला, भुकेला अशीच विशेषणं घ्या.

दुसरं, कर्माला 'ला' लागला की विशेषण बहुधा नपुंसकलिंगी एकवचनात जातं: 'त्यानं तिला एकटं सोडलं'. इथे 'एकटी' ऐकू येणार नाही. अशा वाक्यांसाठी मराठीचा आधार सोडून सरळ प्रश्न विचारायचा: एकटं कोण राहिलं?

२२ जून

जोडीची जागा. एकाच वाक्याच्या चार मांडण्या करून चार पत्ते:

'टायर्ड अँड हंग्री, द बॉइज वेंट होम.'
'द बॉइज, टायर्ड अँड हंग्री, वेंट होम.'
'द बॉइज वेंट होम टायर्ड अँड हंग्री.'
'द बॉइज वेंट होम, टायर्ड अँड हंग्री.'

पहिल्या मांडणीत बहुतेक वेळा कारण ऐकू येतं: थकली होती म्हणून गेली. तिसऱ्यात घरी जातानाची अवस्था. चौथ्यात स्वल्पविरामामुळे जोडी मागून जोडलेली माहिती होते.

वाक्यारंभी आलेली जोडी नंतरच्या कर्त्यालाच चिकटते. 'कोल्ड अँड वेट, द टी टेस्टेड वंडरफुल' या वाक्यात गारठलेला आणि भिजलेला आहे तो चहा. दुरुस्ती: 'कोल्ड अँड वेट, वी फाउंड द टी वंडरफुल'. मराठीत 'भिजून गारठल्यावर चहा फारच छान लागला' हे बिनतक्रार चालतं, म्हणूनच ही चूक आपल्या लेखनात इतकी सहज शिरते. या एका चुकीसाठी पत्ते वाढवले.

२७ जून

तिसरा गट: क्रियेचा परिणाम. 'दे पेंटेड द गेट ग्रीन अँड व्हाइट', 'वाइप द टेबल क्लीन अँड ड्राय'.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक करणारा प्रश्न: क्रियेआधी वस्तू तशी होती का? 'ही बॉट द सायकल ओल्ड अँड रस्टी': आधीपासून गंजलेली, गट दुसरा. 'पेंटेड द गेट ग्रीन अँड व्हाइट': रंगवल्यावर झालं, गट तिसरा. मराठीत तिसऱ्या गटाचं वाक्य 'पुसून स्वच्छ आणि कोरडं केलं' असं होतं. 'करणं' आलं की परिणाम समजावा.

हा गट मुक्तपणे वाढत नाही. 'द टीचर टॉट द बॉइज क्लेव्हर अँड पोलाइट' चालत नाही, 'मेड द बॉइज क्लेव्हर अँड पोलाइट' चालतं. शंका आली तर 'मेक' वापरा.

३ जुलै

चौथा गट: जोडीच्या मागे 'टू' आणि क्रियापद. संचातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी भाग हाच.

'शी इज रेडी अँड विलिंग टू हेल्प': 'टू हेल्प' दोन्ही विशेषणांचं.
'द बॅग इज स्मॉल अँड ईझी टू कॅरी': 'टू कॅरी' फक्त 'ईझी'चं.

चाचणी: एकेक विशेषण काढून वाचा. 'रेडी टू हेल्प' ठीक, 'विलिंग टू हेल्प' ठीक, म्हणजे सामायिक. 'स्मॉल टू कॅरी' बसत नाही, म्हणजे सामायिक नाही. सामायिक नसेल तर 'टू'चं शेपूट असलेलं विशेषण दुसरं ठेवायचं. 'ईझी अँड स्मॉल टू कॅरी' लिहिलं की वाक्य मोडतं.

एवढी चाचणी पुरेल असं धरून पत्ते तयार केले होते, पण ती पुरली नाही. 'ईगर टू प्लीज' बरोबर, 'ईझी टू प्लीज' बरोबर, म्हणून 'ही इज ईगर अँड ईझी टू प्लीज' बरोबर ठरायला हवं. ते खटकतं. या दोन विशेषणांची तुलना भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात भाषाशास्त्रात प्रसिद्ध केली. वरून रचना एकच, आत नातं उलटं. 'ईगर'मध्ये तो दुसऱ्याला खूश करतो, 'ईझी'मध्ये दुसरे त्याला खूश करतात.

म्हणून दुसरा प्रश्न जोडला: 'टू'नंतरची क्रिया कर्ता स्वतः करतो, की ती त्याच्यावर होते?

स्वतः करतो: रेडी, विलिंग, ईगर, एबल, अँक्शस, स्लो.
त्याच्यावर होते: ईझी, हार्ड, टफ, डिफिकल्ट, चीप.

एकाच ओळीतली दोन जोडता येतात, दोन ओळींतली जोडू नयेत. 'क्विक' दोन्हीकडे जातं: 'शी इज क्विक टू लर्न' आणि 'द डिश इज क्विक टू कुक'. म्हणून 'क्विक अँड ईझी टू कुक' अगदी सहज वाटतं.

इथे मराठी मदत करत नाही, हे शिकवणाऱ्यानं लक्षात ठेवावं. 'खूश करायला उत्सुक' आणि 'खूश करायला सोपा' या दोन्हीत तेच 'करायला' आहे. दुसरीकडे ती अडवतही नाही. 'वाचायला सोपं आणि छोटं' म्हणणारा मुलगा आपोआप 'ईझी टू रीड' लिहितो. 'टू बी रेड' लिहितात ती जास्त विचार करणारी मुलं.

'द बॉक्स इज हेवी अँड डिफिकल्ट टू लिफ्ट' हे वाक्य काढून टाकलं. 'टू लिफ्ट' एकाचं धरा की दोघांचं, अर्थ तोच राहतो, आणि उत्तर एकच असावं ही पत्त्याची अट आहे.

५ जुलै

याच गटाला शब्दयोगींचा उपगट. 'ही इज फाँड ऑफ अँड गुड अ‍ॅट ड्रॉइंग': दोन विशेषणांना वेगवेगळं अव्यय लागत असेल तर दोन्ही लिहायची. 'इंटरेस्टेड अँड केपेबल ऑफ लर्निंग' चूक, 'इंटरेस्टेड इन अँड केपेबल ऑफ लर्निंग' बरोबर. 'सिक अँड टायर्ड'ला एकच 'ऑफ' पुरतं आणि पुढे 'इंग' येतं: 'वी आर सिक अँड टायर्ड ऑफ वेटिंग'.

१० जुलै

विशेषण की क्रियापद? हा गट मूळ आराखड्यात नव्हता. टॅगरनं चुकीची ठरवलेली वाक्यं पुन्हा वाचताना दिसलं की त्यांतली काही खरोखरच दुहेरी आहेत.

'द शॉप वॉज स्मॉल अँड क्लोज्ड अ‍ॅट सिक्स.'

दुकान लहान होतं आणि सहाला बंद व्हायचं. की दुकान लहान होतं आणि सहा वाजता बंद होतं? पहिल्या वाचनात 'अँड' दोन क्रियापद-समूह जोडतं, दुसऱ्यात दोन विशेषणं. वर्तमानकाळात नेलं की गुंता सुटतो: पहिलं 'इज स्मॉल अँड क्लोजेस अ‍ॅट सिक्स', दुसरं 'इज स्मॉल अँड क्लोज्ड अ‍ॅट सिक्स'. हा पत्ता वर्गात सगळ्यात जास्त बोलका ठरेल असं वाटतं, म्हणून त्याला दोन उत्तरं मान्य ठेवली. संचातला हा एकमेव अपवाद.

दुसरी चाचणी 'व्हेरी' लावून पाहण्याची होती. 'व्हेरी टायर्ड' चालतं, 'व्हेरी पेंटेड' नाही. पण 'व्हेरी क्लोज्ड'ही चालत नाही, आणि 'क्लोज्ड' विशेषण असू शकतं. 'व्हेरी' सोडून दिलं. त्याऐवजी 'वॉज'च्या जागी 'सीम्ड' ठेवायचं: 'द शॉप सीम्ड स्मॉल अँड क्लोज्ड' बसतं, 'द गेट सीम्ड रस्टी अँड पेंटेड लास्ट इयर' बसत नाही. कारण तिथे 'पेंटेड' कर्मणी क्रियापद आहे आणि एकाच 'वॉज'वर दोन वेगळी कामं लादली आहेत. दुरुस्ती: 'द गेट वॉज रस्टी, दो इट हॅड बीन पेंटेड लास्ट इयर'.

१४ जुलै

'नाइस अँड वॉर्म'. दिसायला जोडी, वागायला नाही. 'द रूम इज नाइस अँड वॉर्म' म्हणजे खोली छान उबदार आहे. इथे 'नाइस अँड' फक्त 'वॉर्म'ला जोर देतं. तपासणी: 'बोथ नाइस अँड वॉर्म' केलं किंवा 'वॉर्म अँड नाइस' असं उलटलं की हा अर्थ जातो. 'गुड अँड रेडी' तसंच: 'आय विल कम व्हेन आय अ‍ॅम गुड अँड रेडी', यात चांगुलपणाचा काही संबंध नाही. वेगळा रंग न देता पत्त्यावर तारा छापला.

१८ जुलै

जोडीतला क्रम. पाणिनीच्या अष्टाध्यायीत २.२.३४ हे सूत्र आहे: अल्पाच्तरम्, द्वंद्वात कमी स्वरांचं पद आधी. सूत्र संस्कृत समासाचं आहे, पण इंग्रजीच्या ठरलेल्या जोड्यांवर ठेवून पाहिलं तर बऱ्याच बसतात: 'हेल अँड हार्टी', 'प्रिम अँड प्रॉपर', 'फ्री अँड ईझी', 'ब्राइट अँड अर्ली', 'रफ अँड रेडी'. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हे दाखवण्यासारखं आहे, क्रम लक्षात राहतो. नियम म्हणून मात्र देऊ नये. 'ओपन अँड शट' उलट जाते, आणि 'सेफ अँड साउंड', 'शॉर्ट अँड स्वीट' यांत दोन्ही पदं सारखीच.

न उलटणाऱ्या अशा जोड्यांवर भाषाशास्त्रज्ञ याकोव्ह माल्कील यांनी १९५९ मध्ये तपशीलवार लिहिलं, तेव्हापासून त्यांना अपरिवर्तनीय जोड्या म्हणायचा प्रघात पडला. तक्त्यातल्या 'उलटता येते का' या रकान्यात 'नाही' फक्त अशांनाच. 'हंग्री अँड टायर्ड' लिहिणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत.

'हार्ड अँड फास्ट' संचातून बाहेर. ही नामाआधीच राहते ('नो हार्ड-अँड-फास्ट रूल', म्हणजे काटेकोर नियम नाही), क्रियापदामागे या अर्थानं येत नाही. 'स्लो अँड स्टेडी विन्स द रेस' आत, पण स्वतंत्र पत्ता: इथे जोडीच कर्ता आहे आणि क्रियापद एकवचनी. 'विन' लिहिणारी मुलं जोडी म्हणजे अनेकवचन असं धरतात.

२४ जुलै

छपाई. ए-४ पानावर १०५ गुणिले ७४ मिलिमीटरचे आठ पत्ते बसतात, दोन उभे रकाने आणि चार ओळी. पुढे वाक्य, मागे गट, चाचणी आणि मराठी वाक्य. दोन्ही बाजूंची छपाई लांब कडेवरून उलटून करायची असेल तर मागच्या पानावरचे दोन रकाने आपसांत बदला, ओळी तशाच ठेवा. नाहीतर प्रत्येक पत्त्यामागे शेजारच्याचं उत्तर छापलं जातं. पहिला गठ्ठा असाच वाया गेला.

३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद साध्या प्रिंटरमध्ये अडकला, १७०चा सरळ गेला. गटांना रंग देण्याचा बेत खर्चामुळे सोडला. त्याऐवजी कोपऱ्यात आकार: गोल, चौकोन, त्रिकोण, चौकट. झेरॉक्स काढली तरी आकार टिकतात, रंग टिकत नाहीत, आणि शाळांत हा संच झेरॉक्सवरच फिरणार आहे.

बाकी: 'मॅरीड यंग', 'डाइड पुअर' अशा एकेरी विशेषणांचे पत्ते दुसऱ्या गटाच्या आधी सरावासाठी घालायचे आहेत. जोडीपेक्षा एक विशेषण आधी दिलं तर जोडी कोणाची हा प्रश्न मुलांना लवकर कळतो. त्यांचा तक्ता तयार आहे, मराठी वाक्यांचा रकाना भरायचा आहे.